गणेशखिंडीत नव्याने येणाऱ्यांसाठी: विद्यापीठ घडवणारी माणसे

पुणे विद्यापीठात, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, एम.ए. किंवा पीएच.डी.साठी दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात शुल्क, वसतिगृह, ग्रंथालयाचे ओळखपत्र आणि मार्गदर्शकांची वेळ यांपलीकडे काही सुचत नाही, आणि त्यात वावगेही काही नाही. ही संस्था कोणी उभी केली हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. मी येथे विद्यार्थी म्हणून आलो, येथेच संशोधन पूर्ण केले, आणि पुढे संलग्न महाविद्यालयात शिकवू लागल्यावर अभ्यास मंडळाच्या व परीक्षेच्या कामानिमित्त येत राहिलो. या काळात माझे एक मत पक्के झाले: येथे कोणत्या माणसाने कोणती व्यवस्था मागे ठेवली हे ज्याला ठाऊक असते, त्याची कामे लवकर होतात आणि त्याच्या संशोधनालाही मुळे फुटतात.

सुरुवात बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांपासून करावी लागते. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ असावे का, याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १९४२ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते, आणि विद्यापीठ स्थापन झाल्यावर पहिले कुलगुरूही तेच झाले. सप्रू-जयकर ही जोडी गांधीजी आणि सरकार यांच्यातील मध्यस्थीसाठी देशाला माहीत होती. असा माणूस वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकताना एका नव्या, जवळजवळ बिनभिंतींच्या संस्थेची जबाबदारी घेतो, याचे मला अजूनही नवल वाटते. कार्यालय प्रथम भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाऊसमध्ये होते. जून १९४९ मध्ये ते गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या पावसाळी निवासस्थानी आले. बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही वास्तू आणि भोवतीची चारशेहून अधिक एकर जमीन विद्यापीठाला दिली. १८९७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड ज्या वास्तूतून बाहेर पडला आणि चापेकरांच्या गोळीला बळी पडला, तीच ही वास्तू. तिच्यात आज कुलगुरूंचे कार्यालय आहे, हे नव्या विद्यार्थ्याने एकदा तरी लक्षात घ्यावे.

स्थापनेच्या वेळी संलग्न महाविद्यालये अठरा आणि विद्यार्थी आठ हजारांच्या थोडे वर होते. कार्यक्षेत्र मात्र बारा जिल्ह्यांचे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाल्यावर पुणे, नगर आणि नाशिक एवढे तीन जिल्हे उरले, आणि तरीही महाविद्यालयांची संख्या सतत वाढतच गेली. परीक्षा विभागात आज जो ताण दिसतो, त्याचे मूळ या वाढीत आहे.

जयकरांनंतरच्या कुलगुरूंची यादी पाठ करण्याची गरज नाही, पण तिचा कल पाहण्यासारखा आहे. रँग्लर र. पु. परांजपे, दत्तो वामन पोतदार, काकासाहेब गाडगीळ, धनंजयराव गाडगीळ, ह. वि. पाटसकर, रँग्लर महाजनी: पहिल्या पंचवीस वर्षांत विद्यापीठाचे नेतृत्व बहुतांशी बाहेर नाव कमावून आलेल्या माणसांकडे होते. कोणी केंद्रात मंत्री राहिलेले, कोणी राज्यपाल, कोणी फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांपैकी धनंजयराव गाडगीळांबद्दल मला विशेष आदर आहे. १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था घडवणारा हा अर्थतज्ज्ञ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष म्हणूनही उभा राहिला होता. शहरातील विद्वत्ता आणि नगर जिल्ह्यातील शेतकरी यांच्यात असा थेट दुवा असलेला कुलगुरू विद्यापीठाला जेमतेम वर्षभर लाभला; १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले.

पुढे चित्र पालटले आणि विद्यापीठाने आपल्याच विभागांतून कुलगुरू घडवायला सुरुवात केली. भौतिकशास्त्राचे राम ताकवले १९७८ मध्ये कुलगुरू झाले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचेही ते पहिले कुलगुरू. त्याच विभागाचे अरुण निगवेकर आधी ‘नॅक’चे, म्हणजे विद्यापीठे व महाविद्यालये यांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे, संस्थापक संचालक, मग येथे कुलगुरू आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. एकाच विभागातून अशी माणसे का निघतात, हा प्रश्न मी विद्यार्थिदशेत अनेकांना विचारला. मला पटलेले उत्तर एका निवृत्त लिपिकाने दिले: त्या विभागात प्रयोगशाळेचे साहित्य मागवण्यापासून प्रकल्पाचा हिशेब देण्यापर्यंतची कामे तरुण अध्यापकांनाच करावी लागत, त्यामुळे प्रशासन त्यांना वेगळे शिकावे लागले नाही.

माझ्या मते नवागताने कुलगुरूंपेक्षा विभाग उभारणाऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण कुलगुरू पाच वर्षांसाठी असतो आणि विभागाची घडण तीस-चाळीस वर्षे टिकते. तत्त्वज्ञान विभागात सुरेंद्र बारलिंगे यांनी ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक चालवले आणि तेथूनच ‘परामर्श’ हे मराठी नियतकालिकही निघू लागले. मराठीत तत्त्वज्ञान लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ‘परामर्श’चे जुने अंक चाळल्याशिवाय विषय निवडू नये. राज्यशास्त्र विभागात व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीच्या वेळी पुण्यातील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला, आणि मतदाराला प्रत्यक्ष भेटून प्रश्न विचारण्याची ही रीत पुढच्या पिढ्यांनी सोडली नाही. रसायनशास्त्रात ह. जी. अर्णीकर यांनी अणुरसायनाची शाखा रुजवली. जयंत नारळीकरांनी १९८८ पासून आवारातच ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. ती स्वतंत्र संस्था आहे, पण तिच्यामुळे विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जगभरातील खगोलशास्त्रज्ञांची व्याख्याने चालत जाण्याच्या अंतरावर मिळू लागली.

स्त्री अभ्यास केंद्राविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळण्याच्या आधीपासून या केंद्राला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव होते, आणि ते नाव सार्थ करण्यात शर्मिला रेगे यांचा वाटा मोठा आहे. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून, अनेकदा घरातील पहिल्याच पदवीधर म्हणून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचनयाद्यांपुढे गप्प बसावे लागते, ही अडचण त्यांनी विद्यार्थ्यांची उणीव मानली नाही. ती शिकवण्याच्या पद्धतीची उणीव मानली. दोन्ही भाषांतील अभ्याससाहित्य, वर्गात मराठीतून होणारी चर्चा आणि फुले-आंबेडकरी विचार अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणणे ही त्या भूमिकेचीच अंगे होती. २०१३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याला माझा सल्ला असा, की त्याचा विषय कोणताही असो, त्याने या केंद्राच्या व्याख्यानांना जावे. प्रश्न मराठीत विचारला तरी चालतो, हे तेथे आपोआप कळते.

आता हे सारे शोधायचे कसे, ते सांगतो. बहुतेक विभागांत प्रमुखांच्या खोलीबाहेर किंवा आत एक फलक असतो, त्यावर आजवरच्या विभागप्रमुखांची नावे आणि कार्यकाळ रंगवलेले असतात. तो नीट वाचावा. एखादे नाव दहा-बारा वर्षे टिकलेले दिसते, पुढे दोन-तीन वर्षांची नावे झरझर येतात, मध्येच ‘प्रभारी’ असा शेरा असतो. विभागाची भरभराट आणि ओढाताण त्या वर्षांच्या आकड्यांत दिसते. मग जयकर ग्रंथालयात जाऊन विद्यापीठाचे जुने वार्षिक अहवाल मागावेत. अहवालांची भाषा रुक्ष असते, पण कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम सुरू झाला, कोणाला पीएच.डी. मिळाली आणि मार्गदर्शक कोण होते, हे त्यांत सापडते. माझ्या विषयावर आमच्याच विभागात पूर्वी झालेल्या प्रबंधाचा पत्ता मला असाच लागला, आणि संदर्भसूचीतील निम्मे कष्ट वाचले.

दुसरा मार्ग कार्यालयातून जातो. विभागाच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिक, ग्रंथालयातील जुने कर्मचारी, कमवा व शिका योजनेचे काम पाहणारी मंडळी यांनी अनेक कुलगुरू आणि दोन-तीन विद्यापीठ कायदे पाहिलेले असतात. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते आणि तिच्यात काम केलेले कितीतरी विद्यार्थी आज महाविद्यालयांत अध्यापक आहेत. अशा माणसांकडे काम घेऊन जाताना आधी अर्जाची प्रत, मागील पत्रव्यवहार आणि आवक क्रमांक बरोबर ठेवावा. त्यानंतर ते जे सांगतात ते परिपत्रकात लिहिलेले नसते, पण उपयोगी पडते.

नेतृत्व कसे निवडले जाते हेही समजून घ्यावे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार शोध समिती नावे सुचवते आणि कुलपती या नात्याने राज्यपाल कुलगुरूंची नेमणूक करतात. त्या प्रक्रियेत विद्यार्थ्याला स्थान नाही. पदवीधराला मात्र अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या वेगवेगळ्या घटकांच्या प्रतिनिधींच्या सभेत, स्थान आहे. प्राचार्य, अध्यापक आणि संस्थाचालक यांच्याबरोबर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधीही तेथे मतदानाने निवडून येतात, आणि अर्थसंकल्पावर, वसतिगृहांवर, परीक्षांच्या निकालांवर प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना असतो. पदवी मिळाली म्हणून मतदारयादीत नाव आपोआप येत नाही. नोंदणीची अधिसूचना निघाली की मुदतीत अर्ज भरावा लागतो, त्यासोबत पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते, आणि प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर त्यात आपले नाव व पत्ता बरोबर आहे ना हे स्वतः तपासावे लागते.