एप्रिलातली जिंजर बिअर बाटलीत भरताना

घरच्या जिंजर बिअरमध्ये, म्हणजे आलं-साखर आंबवून केलेल्या फसफसत्या पेयात, बाटली बंद केल्यावरही साखर उरलेली असते आणि यीस्ट (आंबवणारं किण्व) जिवंत असतं, त्यामुळे आत गॅस होत राहतो. पुण्यात एप्रिलात पारा 38-40 अंशांवर गेला, की थंडीत चार-पाच दिवस घेणारा गॅस दीड-दोन दिवसांतच भरतो. म्हणून काचेच्या बाटल्यांबरोबर सोड्याची एक प्लॅस्टिकची बाटलीही त्याच मिश्रणाने भरा, वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडून. सकाळ-संध्याकाळ ती दाबून बघा. दगडासारखी टणक लागली, की सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये. तिथे यीस्ट मंदावतं, पूर्ण थांबत नाही. आठवड्याभरात संपवलेली बरी. थोडं अल्कोहोल होतंच, तेव्हा मुलांना नको. काच जाड, सोड्याचा दाब झेलणारीच घ्या. चौकोनी शोभेच्या बाटल्या दिसतात छान, पण फुटतात.