खेळणं बाजारात आणण्याआधी: वय, चाचण्या आणि कागदपत्रं

खेळणं तयार झालं, आता प्रमाणपत्र काढू, असं म्हणून बरेच उत्पादक प्रयोगशाळेत जातात. तिथं पहिला प्रश्न येतो तो वयाचा: हे खेळणं किती वर्षांच्या मुलासाठी? कोणत्या चाचण्या होणार, किती उंचीवरून आपटणार, दोरी किती लांब चालणार, पेटीवर कोणती सूचना छापायची, हे सगळं याच उत्तरावर ठरतं. म्हणून वय कच्चं चित्र काढतानाच ठरवावं. साच्यावर पैसे खर्च झाल्यावर वय बदललं, तर बहुतेक वेळा साचाही बदलावा लागतो.

वय आपल्या सोयीनं मात्र ठरवता येत नाही. खेळण्याचा आकार, वजन, त्यासाठी लागणारं कौशल्य आणि ते कुणासाठी म्हणून विकलं जातं, यावरून तपासणारा स्वतः वय ठरवतो. कुशीत घ्यायचं मऊ अस्वल, खुळखुळा, दोरीनं ओढायची गाडी, दोन-चार मोठ्या तुकड्यांचं कोडं ही ३ वर्षांखालच्या मुलांचीच खेळणी धरली जातात. अस्वलाचे डोळे सुटतात म्हणून त्यावर ‘३ वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही’ असं छापून सुटका होत नाही. उलट चुकीची सूचना छापणं हाच एक दोष मानला जातो. डोळे धाग्यानं भरून घ्यावेत, हा त्यावरचा सरळ उपाय.

कोणते नियम लागू होतात

वेगवेगळ्या देशांच्या मानकांमागचा विचार बराचसा सारखा आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८१२४ चा भाग १ यांत्रिक धोक्यांसाठी, भाग २ ज्वलनशीलतेसाठी आणि भाग ३ रंग-प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या जड धातूंसाठी आहे. भारताच्या आयएस ९८७३ मध्येही पहिल्या तीन भागांचे विषय हेच आहेत. शिवाय घरगुती झोपाळे-घसरगुंड्या, बोटांनी रंगवायचे रंग आणि थॅलेट (प्लॅस्टिक नरम करणारी रसायनं) यांचे भाग वेगळे. वीज किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ आहे. युरोपात ईएन ७१ ही मानकांची मालिका आणि अमेरिकेत एएसटीएम एफ ९६३ चालतं.

फरक येतो तो मान्यतेच्या पद्धतीत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो, कारखान्याची पाहणी होते आणि चिन्हासोबत परवाना क्रमांक छापावा लागतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत उत्पादकांना यातून सूट आहे. युरोपात सीई चिन्ह (तिथले नियम पाळल्याची खूण) उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, पण त्यामागे चाचण्या आणि धोक्यांच्या मूल्यमापनाची फाईल तयार असावी लागते. अमेरिकेत असं चिन्ह नाही. तिथं १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंची चाचणी ग्राहक सुरक्षा आयोगानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत होते आणि त्या अहवालावर उत्पादक किंवा आयातदार लेखी प्रमाणपत्र देतो.

एका देशाचा अहवाल दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. माल कुठं विकायचा आहे ते प्रयोगशाळेला आधीच सांगावं, म्हणजे ज्या चाचण्या दोन्हीकडे सारख्या आहेत त्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

प्रयोगशाळेआधी आपल्या टेबलावर

प्रयोगशाळेचं शुल्क भरून ‘नापास’ ऐकण्यापेक्षा पाच-सहा नमुने आपणच मोडून बघितलेले बरे. यासाठी व्हर्निअर, लटकवायचा वजनकाटा, एक पक्कड आणि लहान भागांची नळी एवढं पुरतं. या नळीचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तळ तिरका असतो, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर भरते. जी वस्तू न दाबता, कोणत्याही बाजूनं फिरवून, या नळीत पूर्ण मावते ती ‘लहान भाग’ ठरते. ३ वर्षांखालच्या खेळण्यात असा भाग सुरुवातीला असता कामा नये आणि तोडफोडीनंतर सुटताही कामा नये. नवं खेळणं नळीत टाकून ‘पास’ म्हणणारे इथंच फसतात. नळीची खरी परीक्षा शेवटी असते.

तोडफोड क्रमानं करावी आणि सगळं त्याच नमुन्यावर. आधी आपटणं. युरोपीय पद्धतीत ८५ सेंटिमीटरवरून पाच वेळा. अमेरिकेत १८ महिन्यांखालच्या खेळण्याला सुमारे १.३७ मीटरवरून दहा वेळा आणि त्यापुढे ३ वर्षांपर्यंत सुमारे ९१ सेंटिमीटरवरून चार वेळा. दर वेळी वेगळी बाजू खाली येईल असं धरावं. प्लॅस्टिकला तडा जातो तो बहुतेक वेळा स्क्रूच्या खांबाशी किंवा साच्यात दोन प्रवाह जुळतात त्या रेषेवर, म्हणून भिंगानं आधी तिथं बघावं.

मग पिळणं. डोळा, नाक, चाक, बटण, जे जे मुलाच्या बोटांत किंवा दातांत धरता येईल ते पकडायचं आणि ०.३४ न्यूटन-मीटर जोरानं आधी एका दिशेनं, मग उलट दिशेनं फिरवायचं. खास पाना नसेल तर पकडीला १० सेंटिमीटरची आडवी पट्टी बांधून तिच्या टोकाला ३५० ग्रॅम वजन टांगावं. जवळपास तेवढाच जोर मिळतो.

त्यानंतर तोच भाग ओढायचा. भागाचं सगळ्यात मोठं माप ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ९० न्यूटन, म्हणजे काट्यावर सुमारे ९.२ किलो. त्याहून लहान असेल तर ५० न्यूटन, सुमारे ५.१ किलो. हळूहळू ताण वाढवत न्यायचा आणि पूर्ण ताणावर १० सेकंद धरायचं. मऊ खेळण्याच्या शिवणीला ७० न्यूटन, सुमारे ७.१ किलो. शिवण धाग्यावर तुटली तर धागा किंवा टाक्यांची संख्या बदलून भागतं. कापड टाक्यांच्या भोकांतून फाटत असेल तर दोष शिवणीच्या मायेत, म्हणजे टाक्यांबाहेर सोडलेल्या कापडात, आहे. माया वाढवावी किंवा आतून पट्टी लावावी, कारण नुसते टाके दाट केले तर कापड आणखी लवकर फाटतं.

लाकडी खेळण्याबाबत एक गोष्ट सहज निसटते. ओलसर लाकडाची खुंटी घट्ट बसवली तरी वाळल्यावर आक्रसून सैल होते. तयार झाल्या दिवशी ९० न्यूटनला टिकलेली खुंटी दोन महिन्यांनी बोटानं निघते. म्हणून लाकूड ८ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवूनच वापरावं आणि ओलावामापकाचे आकडे बॅचनिहाय लिहून ठेवावेत. चिकटवलेले भाग असतील तर भिजवून बघावं: साध्या तापमानाच्या पाण्यात ४ मिनिटं, बाहेर १० मिनिटं, असं चार वेळा. त्यानंतर पिळणं आणि ओढणं. पांढरा साधा लाकूडगोंद इथं बऱ्याचदा हरतो.

दोऱ्यांची मापं काटेकोर पाळावीत, कारण गळ्याला फास बसायला काही मिनिटंही लागत नाहीत. १८ महिन्यांखालच्या खेळण्याची मोकळी दोरी युरोपीय मानकानुसार २२० मिलिमीटरच्या आत ठेवावी, आणि मोजताना ती २५ न्यूटन ताणून मोजावी. लवचीक दोरी ढिली मोजली की आकडा खोटा येतो. खुळखुळ्याच्या टोकांसाठी वेगळे साचे आहेत: ५० बाय ३५ मिलिमीटरचं लंबगोल भोक असलेली ३० मिलिमीटर जाडीची पट्टी. खुळखुळ्याचं टोक स्वतःच्या वजनानं भोकात जाऊन पलीकडे बाहेर आलं तर ते बाळाच्या घशापर्यंत पोचू शकतं.

सांधे आणि बिजागऱ्यांची फट ५ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवावी, नाहीतर १२ मिलिमीटरपेक्षा मोठी. मधल्या मापात बोट आत जातं आणि चिमटतं.

चुंबक आणि बटन सेल

या दोन ठिकाणी तडजोड नको. मुलानं दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले तर ते आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीची लक्षणं साध्या पोटदुखीसारखी असल्यानं निदानाला उशीर होतो. नियम असा, की लहान भागांच्या नळीत मावणारा आणि चुंबकीय फ्लक्स निर्देशांक (चुंबकाच्या ताकदीचं माप) ५० किंवा त्याहून जास्त असलेला सुटा चुंबक खेळण्यात चालत नाही, आणि तोडफोडीनंतरही सुटता कामा नये. नुसत्या गोंदानं चिकटवलेला चुंबक आज ना उद्या निघतोच. तो प्लॅस्टिकच्या कप्प्यात बंद करून कप्पा अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडावा आणि ती जोडही आपटून बघावी.

बटन सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या ऊतीतून प्रवाह वाहतो, तिथं तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजतं. सेल फुटावा लागत नाही, आणि ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढं करण्याइतका विद्युतदाब असू शकतो. म्हणून सेलचं झाकण स्क्रूनं बंद हवं आणि स्क्रू सैल केल्यावरही झाकणातच अडकून राहणारा हवा. सुटा स्क्रू हरवला की पालक झाकण चिकटपट्टीनं लावतात, तिथं सगळी सुरक्षा संपते.

रंग, प्लॅस्टिक आणि कापड

‘पाण्यावर आधारित’, ‘नैसर्गिक’, ‘बिनविषारी’ हे डब्यावरचे शब्द पुरावा म्हणून चालत नाहीत. चालतो तो त्या रंगाच्या त्या बॅचचा अहवाल. आयएसओ ८१२४-३ च्या चाचणीत रंग खरवडून पोटातल्या आम्लासारख्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश सेल्सिअसला, एक तास हलवतात आणि एक तास स्थिर ठेवतात. त्यात किती धातू उतरतो ते मोजतात. मर्यादा मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये अशा: शिसं ९०, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा ६०, क्रोमियम ६०, अँटिमनी ६०, बेरियम १०००, सेलेनियम ५००. युरोपात धातू १९ आहेत आणि शिशाची मर्यादा खरवडलेल्या रंगासाठी २३, कोरड्या किंवा भुकटीसारख्या पदार्थासाठी २, द्रवासाठी ०.५. अमेरिकेत एकूण शिशाचीही मर्यादा आहे: रंगात ९० आणि रंगाखालच्या मूळ पदार्थात १०० भाग प्रति दशलक्ष. त्यामुळे एकाच रंगाचे दोन अहवाल वेगळे दिसले तर आधी चाचणीची पद्धत बघावी.

पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग सगळ्यात आधी तपासायला द्यावेत, कारण शिशाचं क्रोमेट याच छटांमध्ये वापरलं जात आलं आहे. नरम पीव्हीसी असेल तर थॅलेट तपासावेत. मुख्य थॅलेटसाठी मर्यादा ०.१ टक्के आहे. स्वस्त धातूच्या चेनचं टोक, घुंगरू, चकाकणारे मणी हे बाहेरून विकत घेतलेले भागही यातच येतात, आणि शिसं-कॅडमियम अनेकदा तिथंच सापडतं.

पॅकिंगची पिशवी विसरू नका. १०० बाय १०० मिलिमीटरपेक्षा मोठं पातळ प्लॅस्टिक सरासरी ०.०३८ मिलिमीटर तरी जाड असावं, नाहीतर त्याला नियमाप्रमाणे भोकं पाडलेली असावीत. दहा ठिकाणी मोजून सरासरी काढावी.

लेबल, फाईल आणि रोजचं काम

खेळण्यावर किंवा पेटीवर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि बॅच क्रमांक हवा. युरोपसाठी सीई चिन्ह किमान ५ मिलिमीटर उंच असतं. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना असेल तर तिच्यासोबत कारणही लिहावं: ‘लहान भाग, घशात अडकण्याचा धोका’. ऑनलाइन विक्रीत ही सूचना खरेदीआधी पानावरच दिसली पाहिजे.

फाईलमध्ये प्रत्येक भागाची यादी, त्याचा पुरवठादार, चाचणीचे अहवाल, धोक्यांचं मूल्यमापन आणि नमुन्याचे फोटो ठेवावेत. युरोपात ही कागदपत्रं १० वर्षं जपावी लागतात. अहवालावरच्या फोटोतलं खेळणं आणि विक्रीतलं खेळणं हुबेहूब एकच असावं. निळ्या गाडीच्या अहवालावर हिरवी गाडी विकता येत नाही, कारण हिरवा रंग हा वेगळा पदार्थ आहे.

पुरवठादार बदलला, रंगाचा डबा बदलला, स्क्रू लहान केला, साचा दुरुस्त केला, तर त्या बदलाशी संबंधित चाचणी पुन्हा करावी. मऊ खेळण्यांच्या कारखान्यात सुईची वही ठेवावी: सुई तुटली की सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवायचे, एखादा तुकडा सापडला नाही तर त्या वेळी हातात असलेला सगळा माल बाजूला काढून मेटल डिटेक्टरखालून न्यायचा. प्रत्येक बॅचमधले दोन-तीन नग तारीख लिहून जपून ठेवावेत. डोळा सुटल्याची एकही तक्रार आली तर त्याच बॅचचा जपलेला नग लगेच ओढून बघावा, गोदामातल्या मालाची रवानगी थांबवावी आणि बॅच क्रमांकावरून तो माल कोणत्या दुकानांत गेला त्याची यादी त्याच दिवशी काढावी.