शाई आणि मिश्र माध्यम: चांगली रेषा वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

गेल्या आठवड्यात माळ्यावरून चित्रांचा जुना गठ्ठा खाली काढला. शाई, जलरंग, ऑइल पेस्टल, चिकटवलेले कागद, जे जे एकत्र करून पाहिलं ते सगळं त्यात होतं. फसलेली चित्रं वेगळी केली आणि एकेक हातात घेऊन बघत बसले. हात चुकला म्हणून बिघडलेली फार थोडी निघाली. बाकीच्यांत रेषा चांगली होती. कशावर काय लावायचं आणि कुठे थांबायचं, हे चुकलं होतं. हा क्रम मला कोणी नीट सांगितला नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे.

सगळ्या काळ्या शाया सारख्या समजणं

सगळ्यात जास्त कागद या चुकीत जातात. फाउंटन पेनची नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तिच्यावर ओला ब्रश फिरवला की रेषा फुटते, आणि उजेडात राहिली की ती फिकी पडते. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला बोरूनं काढलेल्या रेखाटनांतली बरीच शाई आज तपकिरी झालेली दिसते. याउलट पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद बघा. काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई इतक्या वर्षांनीही काळीभोर आहे, कारण काजळ म्हणजे कार्बन आणि तो उजेडाला दाद देत नाही.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उजेडात टिकणं वेगळं आणि पाण्यात टिकणं वेगळं. डिंकातली काजळी उडत नाही, पण ओल्या ब्रशनं ती उठते. पाण्यालाही दाद न देणाऱ्या इंडिया इंकमध्ये बहुधा शेलॅक असतं. शेलॅक म्हणजे आपली चपडा लाख, लाकडाला पॉलिश करणारे स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच. आता अल्कोहोल मार्करनं रेषा का फिसकटते ते कळेल: मार्करमध्येही तेच द्रावक, म्हणजे अल्कोहोल असतं. अशी शाई वापरली असेल तर वरून जलरंग खुशाल लावा, मार्कर नको. आणि ही शाई फाउंटन पेनमध्ये कधीच भरू नका. लाख आत सुकली की पेन गेलंच. तिच्यासाठी टाक, बोरू किंवा ब्रश.

नवी बाटली आणली की मी कागदाच्या पट्टीवर दहा रेषा ओढते. एक दिवस जाऊ देते. मग निम्म्या रेषांवरून पाण्याचा ब्रश आणि उरलेल्यांवरून मार्कर. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानं पुढची कितीतरी चित्रं वाचतात.

नवी निब शाई धरत नसेल तर शाईला दोष देऊ नका. गंज चढू नये म्हणून निबवर तेलकट थर दिलेला असतो. थोडी टूथपेस्ट लावून चोळा, धुवा, पुसा.

ऑइल पेस्टलवर शाई

गठ्ठ्यात एक फणसाचं झाड होतं. खोडाला आधी तपकिरी आणि गेरूच्या रंगाचं ऑइल पेस्टल चोळलं होतं आणि वरून टाकानं साल काढायची होती. जवळून पाहिलं तर शाई कुठेच रेषा होऊन बसलेली नाही. अळूच्या पानावर पाणी थांबतं तसे बारीक बारीक थेंब जागच्या जागी सुकलेत. खाली मध्येच निबचा ओरखडा आहे, त्यात पेस्टलचा मेणचट गोळा अडकलेला. ऑइल पेस्टल पूर्णपणे कधीच सुकत नाही, त्यामुळे महिनाभर थांबूनही उपयोग झाला नसता.

क्रम उलटा हवा. आधी शाई, ती पुरती सुकल्यावर हलका जलरंग, आणि तेल-मेण सगळ्यात शेवटी. मेण पाणी दूर लोटतं याचा मुद्दाम फायदा घ्यायचा असेल तरच पेस्टल आधी: पांढऱ्या पेस्टलनं पावसाच्या सरी ओढा आणि वरून पातळ शाईचा हात फिरवा, सरी पांढऱ्या राहतात. कोरड्या पेस्टलचा त्रास वेगळा, त्याची भुकटी निबच्या चिरेत बसते. बंगालचे चित्रकार जोगेन चौधुरी यांची शाई आणि पेस्टलची कामं पाहायला मिळाली तर जरूर थांबून बघा. काळ्या जाळीदार रेषा आणि पेस्टलचा मऊपणा एकमेकांना किती सांभाळून घेतात, ते कळतं.

घाई झाली म्हणून हेअर ड्रायर लावणार असाल, तर शाईपुरता चालेल. मेणावर नको, ते वितळतं.

पावसाळ्यातला कागद

कागदानं शाई ओढून घेऊ नये म्हणून त्याला सरसाचा किंवा तसाच दुसरा लेप दिलेला असतो. जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत बुरशी नेमकी त्यावरच वाढते. कागद वरून स्वच्छ दिसतो, पण शाईचा हात फिरवला की एकदम गडद ठिपके उमटतात. त्या जागा शाई पीत असतात. त्यावर इलाज नाही. सुरुवात करायच्या आधी कोपऱ्यात ओला ब्रश टेकवून बघा. ठिपके आले तर तो कागद कोळशाला किंवा कोलाजला ठेवा. चांगला कागद कोरडा असतानाच, म्हणजे मे महिन्यातच, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत घाला. दमट कागद पिशवीत कोंडला तर बुरशी आतच वाढते.

जाडीत काटकसर करू नका. भरपूर पाणी खेळवायचं असेल तर ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) खाली जाऊ नये असं मी अनुभवानं सांगेन.

डाग पडला की पुसायला धावणं

पुसू नका. टीपकागदाचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, दाबू नका. उरलेला डाग सुकू द्या. जाड कागद असेल तर ब्लेडनं हलकेच खरवडा आणि उठलेले तंतू गुळगुळीत गारगोटीनं घोटून बसवा, नाहीतर पुढची रेषा तिथेच पसरेल. पांढरा रंग फासायचा तर शाई पाण्यात न उठणारी हवी. एरवी पांढऱ्याचा करडा होतो. पण त्याआधी डागाकडे थोडा वेळ बघत बसा. रवींद्रनाथांची चित्रकला हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून वाढली आणि १९३० मध्ये तिचं पॅरिसमध्ये प्रदर्शन झालं.

चिकटवणं आणि फ्रेम

वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांतच पिवळा पडतो, हे गृहीत धरूनच कोलाजमध्ये घ्या. पातळ कागदाला गव्हाच्या पिठाची पातळ खळ लावावी आणि सुकेपर्यंत वजनाखाली ठेवावा. सुरकुत्या पडत नाहीत.

फ्रेमच्या बाबतीत माझं एक मोठं चित्र गेलं. दुकानदारानं काच थेट चित्रावर बसवली आणि मीही पाहिलं नाही. पावसाळ्यानंतर उघडलं तर अर्धं पेस्टल काचेला चिकटलेलं. काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवंच, आणि ते दुकानात उभं राहून बघून घ्या.

आता प्रत्येक चित्रामागे मी पेन्सिलीनं नोंद करते. पेननं नाही, शाई पुढे उतरते. परवाच्या चित्रामागे लिहिलंय: ‘चपड्याची शाई, एक रात्र सुकवली. कागद मेमध्ये आणलेला, ठिपके नाहीत. गेरू शेवटी.’