पोराच्या नावाने पेन्शन काढायचीय? आधी आधार कार्ड नीट बघा

परवा आमच्या नाशिकच्या सिडकोत एक ताई विचारत होत्या, पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, सरकारकडून काही मिळतं का. मिळतं हो, पण क्रम चुकला की नुसत्या चकरा.

पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी, आपल्याकडे त्र्यंबक रोडचं सिव्हिल. बहुतेक योजनांना किमान ४०% अपंगत्व लागतं. आणि फॉर्म भरायच्या आधी आधार अन् जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, माझ्या लेकाच्या आधारवर एक 'एच' जास्त होता, तेवढ्या एका एचपायी चार चकरा झाल्या, तेही त्याला कडेवर घेऊन. तपासणीच्या दिवशी डबा न्या, त्याचं आवडतं खेळणं न्या, नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

कार्ड आलं की पेन्शनसाठी संजय गांधी निराधार योजना. आधी महिन्याला १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० केलेत. अर्ज तहसीलला नाहीतर सेतूतून, पोरगं लहान असेल तर आईबाप भरतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड. पैसे आधार लिंक असलेल्या खात्यात येतात, म्हणून बँकेत आधीच विचारून घ्या. खरी अडचण उत्पन्नाची, वर्षाला ५० हजारांच्या आत पाहिजे, आता नाशकात ५० हजारात वर्षाचं घरभाडं तरी निघतं का सांगा!

त्यात बसत नसाल तरी हात हलवत परत येऊ नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा काढा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. थेरपीची बिलं फेकू नका, मी बिस्किटाच्या डब्यात ठेवते. नवरा नोकरीला असेल तर आयकरात ८०डीडी कलमाखाली ७५ हजारांची वजावट, ८०% किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख, फक्त जुन्या टॅक्स रेजीममध्ये, हे एचआरवाले स्वतःहून कधीच सांगत नाहीत.

महापालिकेलाही दिव्यांगांसाठी ५% निधी ठेवावा लागतो, राजीव गांधी भवनात जाऊन सध्या कुठले अर्ज चालू आहेत ते विचारा. जाताना झेरॉक्सचे दोन सेट घरूनच करून न्या.