घोड्याचे सांधे दुखत असतील तर वरून काय आणि कसं लावायचं

सकाळी तबेल्यातून काढला की घोडा पहिली दहा-बारा पावलं आखडत टाकतो आणि चालता चालता मोकळा होतो, असं रोज दिसायला लागलं तर बहुतेक सांधा झिजतोय. आमच्या घोडीचं असंच झालं, पुढच्या डाव्या पायाला खुराच्या जरा वर बोट फिरवलं की कडक गाठ लागायची. पण सांधा अचानक सुजून गरम झाला आणि पाय टेकतच नसेल तर मलम-बिलम काही नको, तडक डॉक्टरला बोलवा, आत पू झाला असेल तर तासातासाचा प्रश्न असतो.

सगळ्यात आधी एक सांगते, घरात आपल्यासाठी आणलेली डायक्लोफिनॅकची (दुखणं-सूज कमी करणाऱ्या औषधाची) ट्यूब घोड्याला लावू नका. अमेरिकेत घोड्यांसाठी १ टक्क्याचं क्रीम आहे, ५ इंच लांब पट्टी, दिवसातून दोनदा, १० दिवसांपर्यंत, आणि नेटवर ते वाचून लोक इथेही तसंच करतात. आपल्याकडे मात्र जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी होतात. शिवाय आपल्या जेलमध्ये बरेचदा मेंथॉल वगैरे असतं, त्याने घोड्याच्या कातडीची आग होऊ शकते.

मग डॉक्टर जे लिहून देतील तेच लावा, पण नीट. आधी ब्रशने माती काढा, पाय धुवा, केसांच्या मुळापर्यंत पूर्ण कोरडा करा. डीएमएसओ जेल (सूज कमी करायला लावतात, कातडीतून पटकन आत जातं) दिलं असेल तर हे फारच महत्त्वाचं, ते कातडीवर जे काही असेल ते सोबत आत नेतं, म्हणून हातमोजे घालाच. पहिल्या दिवशी नाण्याएवढ्या जागेवर लावून दुसऱ्या दिवशी बघा, चट्टा नसेल तरच पुढे. जखमेवर नाही, वरून घट्ट पट्टी तर अजिबात नाही, फोड येतात. चाटू देऊ नका. पोटातून दुखण्याचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

आणि कळा कमी झाल्या म्हणून लगेच गिऱ्हाईक बसवू नका हो, सांधा आहे तसाच आहे, फक्त घोड्याला दुखणं कळत नाहीये. आम्ही खोगीर न घालता मऊ मातीवर रोज पंधरा मिनिटं फिरवतो, आणि नालबंदाकडून खूर वेळेवर छाटून घेतो.