राजघराण्यांच्या सोयरिकींवर जर-तरचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

१ जानेवारी १५११ ला रिचमंडच्या राजवाड्यात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला मुलगा झाला. फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरला दोन दिवस घोडेस्वारांचे भाल्यांचे सामने झाले. राजाच्या कपड्यांवर सोन्याची ‘एच’ आणि ‘के’ ही अक्षरं लावलेली होती, म्हणजे हेन्री आणि कॅथरिन (राणीचं नाव तेव्हा ‘के’नेच लिहीत). मग नाचगाण्याच्या वेळी बघ्यांची गर्दी आत घुसली आणि लोकांनी ती अक्षरं ओरबाडून नेली. राजाच्या अंगावर आतले कपडे तेवढे उरले. पण मुलगा झालेला, त्यामुळे त्यानेही ते हसण्यावारी नेलं. २२ फेब्रुवारीला बाळ गेलं. बावन्न दिवसांचं होतं.

हे बाळ जर-तर लिहिणाऱ्यांचं फार लाडकं आहे. हौशी लेखकांचे कच्चे खर्डे मी वाचून देतो, त्यांत ‘हा मुलगा जगला असता तर’ ही सुरुवात सारखी भेटते. आणि चौथ्या-पाचव्या पानावर हमखास पहिली एलिझाबेथ दरबारात येऊन उभी राहते!

ती कुठून आली? तिचा जन्म ७ सप्टेंबर १५३३ चा. मुलासाठी हेन्रीने कॅथरिनला दूर केलं आणि अ‍ॅन बोलिनशी लग्न केलं, म्हणून ती जन्मली. मुलगा जिवंत असेल तर त्या धडपडीचं कारणच उरत नाही. समजा हेन्रीने तरीही अ‍ॅनशी लग्न केलं, तरी तीच मुलगी, त्याच दिवशी, त्याच स्वभावाची कशी जन्मेल? सख्खी भावंडंसुद्धा एकमेकांसारखी नसतात. इतिहासाला जिथे फाटा फुटतो, त्या तारखेनंतर पोटात आलेलं त्या घराण्यातलं प्रत्येक मूल तुमच्या कथेत वेगळं माणूस असणार. अ‍ॅन स्वतः मात्र राहील, ती आधीच जन्मली होती. कॅथरिनचा भाचा, पुढे सम्राट झालेला पाचवा चार्ल्सही राहील, तो १५०० चा.

कथा अडली की मी एकच उपाय सांगतो. एक ताव घ्या, फाट्याची तारीख वर लिहा आणि खाली त्या दिवशी जिवंत असलेल्या माणसांची नावं आणि वयं मांडा. यादीत नाही तो कथेत नाही. निम्मे खर्डे इथेच दुरुस्त होतात.

उरलेल्या निम्म्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांत सगळं प्रेमावर चालतं. राजाचं मन बसलं, राजकन्या लाजली, लग्न झालं, साम्राज्य बदललं. याद्या कोणी केल्या, हुंडा किती ठरला, किती हातात पडला, याचा पत्ताच नसतो. आपल्याकडे साध्या घरचं लग्नसुद्धा देण्याघेण्याच्या बोलणीवरून मोडायचं, हे माहीत असलेल्या लेखकाने युरोपातल्या राजांना इतकं भोळं का समजावं, कळत नाही.

कॅथरिनचंच बघा. तिचं पहिलं लग्न हेन्रीच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी, १४ नोव्हेंबर १५०१ ला लंडनमध्ये झालं. हुंडा दोन लाख क्राउन ठरलेला, त्यातले एक लाख पोचले. २ एप्रिल १५०२ ला लडलोच्या किल्ल्यात आर्थर वारला, पंधरा वर्षांचा. आता सासरा सातवा हेन्री पदरात पडलेले पैसे सोडायला तयार नाही, आणि तिचे आईबाप, इसाबेला आणि फर्डिनंड, उरलेले उगाच द्यायला तयार नाहीत. तोडगा निघाला तो असा, की मुलगी धाकट्या दिराला द्यायची. भावाच्या विधवेशी लग्न म्हणून पोप दुसऱ्या ज्युलियसकडून खास सूट आणली. तरी मुलगी सात वर्षं लंडनमध्ये लटकलीच. कधी सासरा खर्चाला देईना, कधी बाप. जून १५०५ मध्ये तर चौदावं लागायच्या आदल्या दिवशी धाकट्या हेन्रीकडून गुपचूप लिहून घेतलं की हा वाङ्‌निश्चय मला मान्य नाही. मुलगा वयात यायच्या आत हात मोकळा ठेवण्याची ही बापाची चाल. बाप एप्रिल १५०९ मध्ये मेला आणि सात आठवड्यांत याच हेन्रीने याच कॅथरिनशी लग्न केलं.

एवढ्या खाचाखोचा खऱ्या इतिहासात फुकट पडलेल्या असताना लेखक कारंज्याजवळची भेट रचत बसतात. ‘आर्थर जगला असता तर’ लिहायचंय? मग पहिल्याच प्रकरणात उरलेल्या एक लाखाचा तगादा येऊ द्या. कथा आपोआप चालेल.

याला चिकटूनच शब्दाची एक चूक येते. हेन्रीने ‘घटस्फोट’ मागितला, असं सर्रास लिहिलं जातं. कॅथलिक चर्चमध्ये आजच्या अर्थाचा घटस्फोट नव्हताच. त्याला हवा होता तो ‘हे लग्न मुळात झालंच नव्हतं’ असा निवाडा. आणि असे निवाडे राजघराण्यांना मिळत. फ्रान्सच्या बाराव्या लुईला १४९८ मध्ये मिळाला, हेन्रीच्या सख्ख्या बहिणीला, मार्गारेटला, १५२७ मध्ये मिळाला. मग त्यालाच का नाही? त्याच १५२७ च्या मे महिन्यात पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं आणि पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात कोंडला गेला. ज्या बाईचं लग्न रद्द करायचं तिच्या भाच्याच्या मुठीत पोप होता. तुमच्या कथेत रोम लुटलं गेलं नसेल, तर इंग्लंडचं चर्च फुटेलच असं धरून चालू नका.

मराठी लेखकांची खास अशी एक चूक आहे, दत्तक. राजा निपुत्रिक मरायला टेकला की आपल्या लेखकाला दत्तकविधान सुचतं. साहजिकच आहे, सातारा आणि झाशी आपण शाळेतच वाचलेली असतात. पण त्या काळच्या युरोपात दत्तक घेऊन गादी चालवण्याचा धर्ममान्य रिवाज नव्हता. (स्वीडनने फ्रेंच सेनापती बर्नादोतला घेतलं, पण ते १८१० मध्ये.) दुसरी बायको करायची सोय नाही, अनौरस मुलगा चालत नाही. याची टोकाची परीक्षा पोर्तुगालमध्ये झाली. ४ ऑगस्ट १५७८ ला राजा सेबास्तियाव मोरोक्कोतल्या लढाईत पडला, चोवीस वर्षांचा, अविवाहित. गादीवर आला त्याचा चुलत आजोबा, कार्डिनल हेन्री. वय सहासष्ट, धर्मगुरू, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला. त्याने काय केलं असेल? पोपकडे लग्नाची परवानगी मागितली! ती मिळाली नाही. जानेवारी १५८० मध्ये तो वारला. पुतण्या अंतोनियो होता, पण अनौरस. शेवटी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने फौज पाठवून पोर्तुगाल घेतलं, आणि त्याबरोबर गोवाही साठ वर्षं, १६४० पर्यंत, माद्रिदच्या राजाचा झाला. इथे दत्तक घुसवलात तर कथेतला पेचच नाहीसा होतो.

‘स्पेन’ हा शब्दही सांभाळून वापरा. कॅस्तिल आणि आरागॉन ही दोन राज्यं होती, नवराबायकोमुळे जोडलेली. इसाबेला वारल्यावर फर्डिनंडने जर्मेन द फ्वाशी दुसरं लग्न केलं. ३ मे १५०९ ला त्यांना मुलगा झाला, हुआन. काही तासांत गेला. तो जगता तर आरागॉन त्याचं, कॅस्तिल इसाबेलाच्या मुलीचं, हुआनाचं, आणि दोन्ही मुकुट एका डोक्यावर येण्याचा योग टळला असता. इतका सोपा फाटा पडून आहे, आणि माझ्याकडे आलेल्या खर्ड्यांत तो एकदाही आलेला नाही.

उलट हेन्री-कॅथरिनची मुलगी मेरी ट्यूडर आणि तिचा नवरा, हाच दुसरा फिलिप, यांच्या न झालेल्या मुलावर भरमसाठ लिहिलं जातं, आणि प्रत्येक वेळी ते मूल इंग्लंडपासून पेरूपर्यंत सगळ्याचं मालक होतं. १५५४ चा विवाहकरार कोणी बघत नाही. त्यात स्पष्ट आहे की मुलाला इंग्लंड आणि नेदरलँड्स मिळणार. स्पेन आणि इटलीतला मुलूख फिलिपच्या पहिल्या बायकोच्या मुलाचा, डॉन कार्लोसचा. तो निःसंतान गेला तरच तेही या मुलाला. आणि मेरी अपत्याविना गेली तर फिलिपला इंग्लंडात हक्क शून्य. १५५५ च्या एप्रिलमध्ये मेरी हॅम्प्टन कोर्टात बाळंतपणाला बसली, पाळणा तयार, महिने उलटले, मूल काही झालं नाही. ते झालं असतं असं धरा. मग नेदरलँड्सचं बंड लंडनच्या गळ्यात पडतं. स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून यायच्या ऐवजी मदतीला येतं. डॉन कार्लोस १५४५ चा, म्हणजे यादीत तो आहे. पण १५६२ मध्ये तो जिन्यावरून पडला आणि डोक्याला जबर मार बसला, हे फाट्यानंतरचं. १५६८ मध्ये बापाच्या कैदेत त्याचा मृत्यू झाला, तेही नंतरचं. माणूस ठेवायचा, पण त्याचा जिना ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. माझं मत विचाराल तर ठेवू नका. तापट, दुखावलेला, पण जिवंत डॉन कार्लोस आणि लंडनमध्ये वाढणारा सावत्र भाऊ, याहून चांगलं भांडण मिळणार नाही.

तारखांबद्दल थोडक्यात. १५८२ नंतर कॅथलिक देशांचं कॅलेंडर दहा दिवस पुढे गेलं, हॉलंड प्रांतही लवकरच त्यात आला, इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्यावरच राहिलं. १६८८ मध्ये डच राज्यप्रमुख ऑरेंजचा विल्यम इंग्लंडवर चालून जायला डच तारखेने ११ नोव्हेंबरला निघाला आणि इंग्रजी तारखेने ५ नोव्हेंबरला पोचला. खर्ड्यात दोन्ही तारखा शेजारी ठेवल्यात तर तो निघण्याआधीच पोचतो.

आता मुंबई, कारण तिच्यावाचून मराठी खर्डा पुरा होत नाही. पोर्तुगालची राजकन्या ब्रगांझाची कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार १६६१ चा. आंदणात टँजियर, रोख रक्कम आणि मुंबई बेट. ‘हे लग्न झालं नसतं तर इंग्रज भारतात आलेच नसते’ हे वाक्य कृपा करून खोडा. सुरतेत त्यांची वखार होती, मद्रासेत किल्ला होता. शिवाय करार झाला म्हणजे बेट मिळालं असंही नाही. पोर्तुगीज म्हणत फक्त बेट, इंग्रज म्हणत साष्टीसुद्धा. गोव्याचा व्हाइसरॉय ताबा देईना. इंग्रजांकडून ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून राहिला, आणि तिथेच तो आणि त्याची बहुतेक माणसं रोगराईने मेली. ताबा मिळाला फेब्रुवारी १६६५ मध्ये, हम्फ्री कुकला. तीन वर्षांनी राजाने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने.

यावर मीही एकदा लिहायला घेतलं होतं. लग्न मोडतं, मुंबई पोर्तुगीजांकडेच राहते, आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर चिमाजीअप्पांची फौज माहीमची खाडी ओलांडते. प्रकरण झकास जमलं होतं. मग माझाच ताव काढला. वर तारीख १६६१. बाळाजी विश्वनाथांना यादीत कसंबसं बसवता आलं असतं, पण चिमाजीअप्पांचा जन्म त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. लंडनमधल्या एका मोडलेल्या लग्नाने कोकणातल्या घरातला पाळणा बदलेलच कशावरून, असा युक्तिवाद मी दोन दिवस स्वतःशी केला. पण बंदरात आरमार वेगळं, व्यापार वेगळा, सिद्दीला दारूगोळा पुरवणारा वेगळा, आणि भट घराणं श्रीवर्धनचं, थेट सिद्दीच्या मुलखातलं. चिमाजीअप्पांवर काट मारली. खाडी ओलांडणारी फौज अजून तशीच आहे, तिच्या पुढच्या घोड्यावर कोण बसतं ते ठरलेलं नाही.