निर्बंधांवर प्रबंध लिहिताय? आधी इंधनाचा हिशेब मांडा

निर्बंध आणि ऊर्जा हा विषय घेतलात की पहिल्या महिन्यातच एक वाक्य तुम्हाला भुरळ घालेल: निर्बंध आले म्हणून देश स्वावलंबी झाला. मी भारताची अणुऊर्जा निवडली होती आणि अख्खा प्रबंध त्या वाक्यावर उभा केला. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी एवढंच विचारलं, "अणुभट्ट्या बांधल्या, पण त्यांतून वीज किती निघाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरं प्रकरण नव्याने लिहिण्यात सहा महिने गेले. आजही तो प्रश्न आठवला की पोटात गोळा येतो.

ते वाक्य खोटं नाही, हे आधी सांगते. १९७४च्या पोखरण अणुचाचणीनंतर कॅनडाने अणुभट्ट्यांसाठीची मदत थांबवली. त्या मदतीने राजस्थानातल्या रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीचं बांधकाम चालू होतं. ती आपल्या इंजिनिअरांनी पुरी केली आणि १९८१ साली ती व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागली. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या छोट्या फास्ट ब्रीडर भट्टीसाठी (जळतं त्याहून जास्त इंधन तयार करू शकेल अशा प्रकारची भट्टी) समृद्ध युरेनियम मिळेना, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी युरेनियम-प्लुटोनियम कार्बाइडचं इंधन तयार केलं. १९८५ मध्ये ती भट्टी त्यावर सुरू झाली. हे वाचताना ऊर भरून येतो, आणि यावा.

पण स्थापित क्षमतेचा, म्हणजे भट्ट्या जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात याचा, तक्ता पाहून निष्कर्ष काढू नका. मी नेमकं तेच केलं. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या, आराखडा आपला. माझ्या आलेखाची रेघ तिथे झपकन वर गेली आणि मी खूश झाले. त्याच काळात देशातल्या भट्ट्या कमी शक्तीवर चालवाव्या लागत होत्या, कारण युरेनियम पुरत नव्हतं. झारखंडच्या खाणींतलं खनिज हलक्या प्रतीचं, खाणी आणि खनिजातून युरेनियम वेगळं काढणाऱ्या गिरण्या वाढवण्यात दिरंगाई झालेली, आणि बाहेरून विकत घेण्याची वाट बंद. २००८-०९ मध्ये क्षमतेचा वापर ५० टक्क्यांच्या आसपास उतरला. चूल आपल्या हातची, सरपण नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला सूट दिली. मग आयात इंधन आलं, पण ते आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांनाच. बाकीच्यांना देशातल्याच युरेनियमवर भागवावं लागलं. म्हणून प्रत्येक भट्टीसमोर तीन रकाने करा: यंत्र कोणाचं, इंधन कुठलं, वर्षाला युनिट किती. तिसरा रकाना भरल्याशिवाय 'स्वावलंबन' हा शब्द लिहू नका. माझ्या मार्गदर्शकांनीही क्षमतेचा तक्ता पाहून मान डोलावली होती, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतेय.

निर्बंध पूर्ण बंद दारासारखे असतात असंही धरू नका. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांचं इंधन अमेरिकेने अडवलं, तर फ्रान्सने दिलं. आणि कॅनडा गेला तेव्हा रावतभाट्याची पहिली भट्टी चालू झालेली होती, तिचे आराखडे आपल्या हातात होते. ज्या देशाच्या हाती असं काहीच नसतं, त्याला हे उदाहरण लावणं चूक आहे.

वर्धापनदिनाची भाषणं आणि गौरवांक यांवर प्रकरण उभारण्याचा मोह होईल. टाळा. माझं ठाम मत आहे की या विषयात प्लांटवर आयुष्य काढलेला निवृत्त इंजिनिअर दहा मार्गदर्शकांच्या तोडीचा असतो. मला असे एक काका भेटले. 'जड पाणी (आपल्या बहुतेक भट्ट्यांना लागणारं खास प्रकारचं पाणी) मिळेपर्यंत भट्टी तयार असूनही थांबते' हे त्यांनी चहाच्या टेबलावर सांगितलं, आणि त्या एका वाक्यावर माझं चौथं प्रकरण उभं राहिलं.

आकडे सापडत नाहीत म्हणून घाबरू नका. संसदेतली प्रश्नोत्तरं आणि अणुऊर्जा विभागाचे वार्षिक अहवाल उघडा. मला आठवडाभर काहीच उमगत नव्हतं, नंतर भराभर जुळत गेलं. रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीपासून सुरुवात करा. एकच भट्टी, पण तिन्ही रकाने पूर्ण भरा, मग पुढच्या भट्टीकडे जा.